गरोदरपणातला व्यायाम आणि वार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गरोदरपणात व्यायाम करावा, हे आता बहुतेकींना माहीत असतं. तरी मनात धाकधूक राहते ती वारेची: चालल्याने वार सुटेल का, धाप लागली तर बाळाला रक्त कमी पडेल का, खाली असलेली वार आणखी खाली येईल का. उत्तरं त्याच शंका धरून दिली आहेत. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासून वेगळं काही सांगितलं असेल, तर तेच ऐकायचं.

वार आणि नाळ एकच का?

नाही. नाळ म्हणजे बाळाच्या बेंबीपासून निघणारी दोरी, साधारण ५० ते ६० सेंटिमीटर लांब, आत दोन धमन्या आणि एक शीर. ही दोरी ज्या चकतीला जाऊन मिळते ती वार. डॉक्टर तिला प्लॅसेंटा म्हणतात.

दिवस भरलेली वार ताटलीएवढी असते: व्यास २० ते २२ सेंटिमीटर, मध्यभागी जाडी दोन-अडीच सेंटिमीटर, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. बाळंतपणानंतर ट्रेमध्ये ठेवली की तिच्या दोन बाजू वेगळ्या ओळखू येतात. बाळाकडची बाजू गुळगुळीत, चकचकीत, नाळेपासून फुटलेल्या निळसर रक्तवाहिन्यांचं जाळं मिरवणारी. आईकडची बाजू गडद लाल, मांसल, पंधरा-वीस फुगीर भागांत विभागलेली. हे भाग एकेक करून पाहतात, कारण एखादा तुकडा पिशवीतच राहिला तर रक्तस्राव थांबत नाही.

आत झाडाच्या फांद्यांसारखे असंख्य बारीक कोंब असतात. कोंबांच्या आत बाळाचं रक्त, बाहेर आईचं. दोन्ही रक्तं एकमेकांत मिसळत नाहीत. मधल्या पातळ पडद्यातून ऑक्सिजन आणि साखर बाळाकडे जाते, कार्बन डायऑक्साइड आणि टाकाऊ द्रव्यं आईकडे येतात. हे सगळे कोंब उलगडून पसरले तर दिवस भरलेल्या वारेचा पृष्ठभाग दहा चौरस मीटरच्या वर जातो. व्यायामाचा परिणाम मुख्यतः याच कोंबांवर आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांवर होतो.

व्यायाम करताना रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं. मग वारेला कमी पडत नाही का?

गर्भाशयाकडे जाणारा रक्तप्रवाह व्यायामाच्या वेळी खरोखरच कमी होतो. पण त्यावरून बाळाला ऑक्सिजन कमी पडतो असा निष्कर्ष काढणं चूक आहे.

एक म्हणजे, राखीव साठा मोठा असतो. एरवी गर्भाशयाला मिनिटाला ५० मिलिलिटरच्या आसपास रक्त लागतं. नवव्या महिन्यात ते ५०० ते ७५० मिलिलिटरपर्यंत गेलेलं असतं. आईच्या अंगातलं एकूण रक्तही ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेलं असतं. दुसरं, गर्भाशयात आलेल्या रक्ताची वाटणी व्यायामाच्या वेळी बदलते. स्नायूंच्या भिंतीचा वाटा आधी कापला जातो, वारेचा शक्यतो राखला जातो. तिसरं, घाम आणि श्रमामुळे रक्तातलं पाणी थोडं कमी होऊन रक्त दाट होतं, म्हणजे तेवढ्याच रक्तात ऑक्सिजन जास्त असतो. आणि बाळाचं हिमोग्लोबिन मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा ऑक्सिजन जास्त ओढून घेतं, त्यामुळे आलेल्या रक्तातून बाळ जास्त उचल करू शकतं.

म्हणूनच मध्यम व्यायामात बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १० ते ३० ने वाढतात आणि व्यायाम थांबला की पूर्ववत होतात. पोटातलं बाळ खरोखर गुदमरू लागलं की ठोके मंदावतात, हे इथे लक्षात घ्यायला हवं.

मग व्यायामाने वार सुधारते म्हणतात, ते कसं?

वार आयती मिळत नाही, ती नऊ महिने घडत राहते. रोज थोडा वेळ रक्त कमी आणि मग पुन्हा भरपूर, असा चढउतार मिळाला की ती त्याला जुळवून घेत वाढते. रक्तवाहिन्या फुटायला मदत करणारी द्रव्यं आणि वाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड ही या जुळवून घेण्यातली मुख्य साधनं मानली जातात. व्यायामाने स्नायूत नव्या केशवाहिन्या फुटतात, त्याच जातीची ही गोष्ट आहे.

अमेरिकन डॉक्टर जेम्स क्लॅप यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आधी नियमित व्यायाम न करणाऱ्या ४६ बायका होत्या. काहींनी आठव्या आठवड्यापासून आठवड्यातून तीन ते पाच वेळा मध्यम व्यायाम सुरू केला, बाकीच्यांनी केला नाही. व्यायाम करणाऱ्यांची वार गरोदरपणाच्या मधल्या काळात जास्त वेगाने वाढली आणि देवाणघेवाणीचं काम करणारा तिचा भागही मोठा निघाला.

अभ्यास लहान आहे, हे खरं. तरी निष्कर्षाची दिशा शरीरशास्त्राशी जुळते, म्हणून तो मोलाचा वाटतो. उंदरांवरच्या कामातून आणखी एक धागा मिळाला आहे: २०२१ मध्ये असं दिसलं की व्यायाम करणाऱ्या मादीच्या वारेत एसओडी३ नावाचं प्रथिन वाढतं आणि पिल्लांच्या यकृतातला साखरेचा कारभार त्यामुळे सुधारतो. उंदराचं गणित माणसाला जसंच्या तसं लावता येत नाही, पण वार हाताशी आलेला माल नुसता पुढे पोचवत नाही, निरोपही पोचवते, एवढं यातून कळतं.

पहिल्या तीन महिन्यांत व्यायाम केला तर वार सुटेल का?

गरोदरपण निकोप असेल तर नाही. या काळातले बहुतेक गर्भपात गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात, चालण्याने किंवा जिना चढण्याने नाही.

सुरुवातीच्या साधारण दहा आठवड्यांत तर आईचं रक्त कोंबांभोवती मोकळेपणाने खेळतही नसतं. गर्भाशयाच्या वाहिन्यांची तोंडं वारेच्याच पेशींनी जवळपास बुजवलेली असतात. गर्भ कमी ऑक्सिजनमध्ये, गर्भाशयाच्या ग्रंथींतल्या रसावर वाढतो. दहा ते बारा आठवड्यांच्या सुमारास बूच सुटतं आणि रक्त आत यायला लागतं. मग विसाव्या आठवड्यापर्यंत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या नागमोडी धमन्यांत शिरून त्यांच्या भिंती रुंद आणि सैल करतात. पाया घातला जातो तो याच काळात. त्यामुळे "चौथा लागू दे, मग बघू" म्हणत व्यायाम पुढे ढकलण्यात फायदा नाही, उलट चांगले आठवडे हातचे जातात. मळमळ, उलट्या, गळून गेल्यासारखं वाटणं असेल तर मात्र ओढूनताणून करू नका. दहा मिनिटांचे दोन तुकडे चालतात.

शेवटच्या महिन्यांत व्यायाम वाढवावा का?

आहे तेवढा चालू ठेवा किंवा थोडा कमी करा, एकदम वाढवू नका.

याचं कारण क्लॅप यांच्याच २००२ च्या अभ्यासात आहे. आधीपासून नियमित व्यायाम करणाऱ्या ७५ बायकांचे तीन गट केले. एक गट विसाव्या आठवड्यापर्यंत २० मिनिटं आणि मग वाढवत चोविसाव्यापर्यंत ६० मिनिटं. दुसरा उलट, आधी ६० आणि मग २०. तिसरा सगळा काळ ४० मिनिटं. आठवड्यातून पाच दिवस, सगळ्यांचा जोर सारखाच. उत्तरार्धात मिनिटं वाढवणाऱ्यांमध्ये बाळ आणि वार दोन्हींची वाढ तुलनेने कमी झाली. आधी जास्त करून मग कमी करणाऱ्यांमध्ये ती जास्त झाली.

पूर्वार्धात वार घडत असते, उत्तरार्धात बाळाची भूक वाढत असते. पूर्वार्धात दिलेला चढउतार वारेला मोठं करतो. उत्तरार्धात लांबवलेला व्यायाम बाळाच्या वाट्याची साखर आणि रक्त खातो. सातव्या महिन्यात वजन जास्त वाढलंय म्हणून अचानक रोज तासभर चालायला लागणं, ही आम्हाला सर्रास दिसणारी चूक आहे.

नेमका किती आणि कसा करायचा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम. रोज ३० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, असं धरलं की हिशेब बसतो. दोन दिवसांत सगळं उरकायचं नाही; किमान तीन दिवसांत वाटायचं.

आधी काही करत नसाल तर आठवड्यातून तीन वेळा १५ मिनिटं भरभर चालण्याने सुरुवात करा. दर आठवड्याला प्रत्येक वेळेत पाच मिनिटं वाढवा. चौथ्या आठवड्यात ३० मिनिटांवर आलात की दिवस वाढवून चार-पाच करा. सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटं सावकाश. भर चालण्यात एकदम थांबू नका. रक्त पायांत साचून चक्कर येते आणि त्याच क्षणी गर्भाशयाकडे जाणारं रक्तही घटतं.

पोहणं, पाण्यात चालणं आणि न हलणारी सायकल हे चालण्याला चांगले पर्याय आहेत. पाण्याच्या दाबाने पायांतलं पाणी वर रक्तात ओढलं जातं, म्हणून पाय सुजणाऱ्यांना पाणी जास्त मानवतं.

"मध्यम" कसं ओळखायचं? नाडी १४० च्या वर जाऊ द्यायची नाही ना?

१४० ची अट जुनी आहे. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ मध्ये ती घातली आणि १९९४ मध्ये काढून टाकली. गरोदरपणात नाडी मुळातच वाढलेली असते, त्यामुळे एकच आकडा सगळ्यांना लावणं बरोबर नव्हतं. तरी ती अजून तोंडोतोंडी फिरते.

सोपी खूण बोलण्याची: चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. गाता येत असेल तर वेग वाढवा. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर कमी करा. आकडाच हवा असेल तर कॅनडातल्या २०१९ च्या सूचनांमध्ये मध्यम व्यायामासाठी तिशीच्या आतल्यांना १२५ ते १४६ आणि पुढच्यांना १२१ ते १४१ अशी नाडी दिली आहे. बी.पी.साठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर नाडीवर विसंबू नका. ती गोळी ठोके दाबून ठेवते.

आधीपासून धावत असेन किंवा खेळाडू असेन तर?

चालू ठेवता येतं, फक्त वरची मर्यादा पाळायची. २०१२ मध्ये ऑलिंपिक दर्जाच्या सहा गरोदर खेळाडूंना २३ ते २९ आठवड्यांच्या दरम्यान ट्रेडमिलवर पळवून गर्भाशयाच्या धमनीतला प्रवाह मोजला गेला. नुसत्या वॉर्मअपनंतरच तो मूळच्या ६० ते ८० टक्क्यांवर आला होता, तरी बाळांचे ठोके व्यवस्थित होते. आईची नाडी तिच्या कमाल नाडीच्या ९० टक्क्यांवर गेली आणि प्रवाह निम्म्याहून खाली आला, तेव्हा मात्र बाळाचे ठोके मंदावले. ९० टक्क्यांची ही रेघ लक्षात ठेवा. सराव करा, जीव तोडून धावणं, वेळ लावून शर्यत, शेवटपर्यंत ताणणं टाळा.

पाठीवर झोपून व्यायाम करू नये, ते का?

विसाव्या आठवड्यानंतर जड झालेली पिशवी मणक्याच्या उजव्या बाजूने वर जाणाऱ्या मोठ्या शिरेवर बसते. हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, त्यामुळे हृदय पुढे ढकलतं तेही कमी, आणि वारेला येतं तेही कमी. काहींना डोळ्यांपुढे अंधारी येते, काहींना काहीच जाणवत नाही. दुसऱ्या गटातल्यांनीच जास्त जपायला हवं.

पाठीवरचे प्रकार कुशीवर, बसून, उभ्याने किंवा हातागुडघ्यांवर करा. शवासन डाव्या कुशीवर करा. चुकून दोन मिनिटं पाठीवर राहिलात तर घाबरण्यासारखं काही नाही, वळा, झालं.

वजन उचललं तर?

हलकी वजनं, एका वेळी १० ते १५ आवर्तनं, आठवड्यातून दोन दिवस, असं ठीक आहे. घात करतो तो श्वास रोखून लावलेला जोर. श्वास कोंडून जोर लावला की पोटातला दाब वाढतो, बी.पी. एकदम चढतं आणि गर्भाशयाचा प्रवाह घटतो. उचलताना श्वास सोडा, खाली ठेवताना घ्या. श्वास रोखल्याशिवाय उचलता येत नसेल, तर वजन तुमच्यासाठी जास्त आहे.

उन्हाचा, उकाड्याचा काय संबंध?

बाळाचं तापमान आईपेक्षा साधारण अर्धा अंश जास्त असतं, आणि ही जादा उष्णता बहुतांशी वारेतूनच आईकडे येते. आईचंच अंग तापलं की उष्णता जायला वाट राहत नाही. आईच्या शरीराच्या आतलं तापमान ३९ अंश सेल्सियसच्या वर जाणं धोक्याचं, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. २५ अंशांच्या आसपासच्या हवेत अर्धा तास चालून ते तिथवर पोचत नाही. बंद, दमट खोलीत किंवा भर दुपारी मात्र व्यायाम नको. तापलेल्या खोलीतला योगाभ्यास गरोदरपणापुरता बंद.

उपाशीपोटी चाललं तर?

नको. वारेतून साखर जाते ती आईच्या रक्तात जास्त आणि बाळाच्या रक्तात कमी असते म्हणून. आईची साखर घसरली की हा उतारच सपाट होतो. तास-दीड तास आधी काहीतरी खा. पाऊण तासाच्या वर जाणार असाल तर जवळ एखादं फळ ठेवा. इन्सुलिन चालू असेल तर आधी साखर तपासूनच निघा.

सोनोग्राफीत "वार खाली आहे" आलंय. व्यायाम बंद करायचा का?

कितव्या आठवड्यात आलंय, यावर ते ठरतं. विसाव्या आठवड्यात खाली दिसलेल्या वारांपैकी दहातल्या नऊ दिवस भरेपर्यंत गर्भाशयाच्या तोंडापासून लांब गेलेल्या असतात. वार जागची हलत नाही. गर्भाशयाचा खालचा भाग ताणून वाढतो आणि ती त्याच्याबरोबर वर जाते. व्यायामाने ती खाली येत नाही आणि झोपून राहिल्याने वरही जात नाही.

तोंडापासून अंतर २० मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ३२ व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी करतात. तोवर रक्त गेलेलं नसेल तर सहसा चालायला हरकत नसते, तरी डॉक्टरांना विचारून घ्या. वारेने तोंडच झाकलं असेल तर अमेरिकन सूचनांप्रमाणे २६ आणि कॅनडातल्या सूचनांप्रमाणे २८ आठवड्यांनंतर व्यायाम बंद. कारण साधं आहे: तोंड थोडं जरी उघडलं तरी वारेची कड सुटते आणि रक्त भळभळा जाऊ शकतं. या स्थितीत एक थेंब रक्त दिसलं तरी थेट हॉस्पिटल.

आणि "वार पुढच्या बाजूला" असेल तर?

त्याने व्यायामात फरक पडत नाही. बाळाच्या लाथा थोड्या उशिरा आणि मंद जाणवतात, एवढंच.

धक्का बसला किंवा पडले तर वार सुटू शकते का?

हो, हा धोका खरा आहे. गर्भाशयाची भिंत रबरासारखी ताणते, वार तशी ताणत नाही. जोराचा दणका बसला की भिंत वाकते, वार वाकत नाही आणि मधला जोड उकलतो. म्हणून चेंडू लागण्याचे, ढकलाढकलीचे, घोड्यावरून किंवा बर्फावरून पडण्याचे खेळ बंद.

पोटावर पडलात तर दुखत नसलं तरी तपासून घ्या. अशा वेळी बाळाचे ठोके आणि कळा किमान चार तास पाहतात. रक्त बाहेर आलं नाही म्हणजे सगळं ठीक, असं नसतं. ते वारेमागे साचूनही राहतं. पोट लाकडासारखं घट्ट होणं आणि सलग दुखणं ही त्याची खूण. रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर ते आवर्जून सांगा, अँटी-डी इंजेक्शन लागू शकतं.

व्यायामाने प्रीएक्लॅम्प्सिया टळतो का?

शक्यता कमी होते. प्रीएक्लॅम्प्सिया म्हणजे गरोदरपणात बी.पी. वाढून मूत्रपिंड, यकृत वगैरेंवर परिणाम होणं, आणि त्याचं मूळ बहुतेकदा वारेत असतं: वर सांगितलेल्या नागमोडी धमन्या नीट रुंद होत नाहीत. अनेक चाचण्या एकत्र करून २०१८ मध्ये जो आढावा निघाला, त्यात व्यायाम करणाऱ्यांमध्ये ही शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी कमी दिसली. गरोदरपणातल्या मधुमेहाचंही जवळपास तसंच.

मात्र जोखीम जास्त म्हणून डॉक्टरांनी लहान मात्रेची अ‍ॅस्पिरिन दिली असेल तर व्यायाम तिची जागा घेत नाही. आणि एकदा प्रीएक्लॅम्प्सिया झाला की व्यायामाने तो उतरत नाही. तेव्हा व्यायाम बंदच ठेवायचा.

बाळाची वाढ कमी आहे, डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह मोजणाऱ्या सोनोग्राफीत) प्रवाह कमी दाखवलाय. व्यायामाने वार सुधारेल का?

नाही. घडण्याचा काळ गेलेला असतो आणि राखीव साठा आधीच खर्ची पडलेला असतो. अशा वारेवर आणखी ताण टाकायचा नाही. याचा अर्थ दिवसभर अंथरुणावर पडून राहा असाही नाही. सक्तीच्या झोपण्याने वाढ सुधारते असं दिसलेलं नाही. पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका तेवढा वाढतो. घरातली हलकी हालचाल चालू, व्यायाम बंद, डॉप्लरच्या तारखा न चुकवता.

रिपोर्टमध्ये "वार ग्रेड ३" लिहिलंय. जास्त चालल्यामुळे वार पिकली का?

चालण्याचा काही संबंध नाही. दिवस भरत आले की वारेत कॅल्शियमचे ठिपके येतात, ग्रेड त्यावरूनच ठरते. लवकर आले तर डॉक्टर बाळाची वाढ आणि प्रवाह पाहतात.

उंच डोंगरावर फिरायला, पाण्याखाली डायव्हिंगला?

सपाटीवर राहणाऱ्यांनी २५०० मीटरच्या वर व्यायाम करू नये. तिथे आईच्याच रक्तात ऑक्सिजन कमी असतो. स्कूबा डायव्हिंग पूर्ण बंद. वर येताना रक्तात वायूचे बुडबुडे होतात. आपली फुप्फुसं ते गाळतात, पण पोटातल्या बाळाचं रक्त फुप्फुसांना वळसा घालून जातं.

व्यायाम कोणी करूच नये?

गर्भजल जाऊ लागलेल्यांनी, वेळेआधी कळा सुरू झालेल्यांनी, दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत वारंवार रक्त जाणाऱ्यांनी, पिशवीच्या तोंडाला टाका घातलेल्यांनी, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा गंभीर आजार असणाऱ्यांनी आणि रक्त फारच कमी असणाऱ्यांनी. जुळं असेल तर २८ व्या आठवड्यानंतर विचारूनच.

मध्येच कधी थांबायचं?

अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, ठरावीक अंतराने दुखणाऱ्या कळा आल्या, पोट घट्ट होऊन सैल होईना, छातीत दुखलं, चक्कर आली, डोकं ठणकलं, पोटरी एकाच बाजूला सुजली किंवा दुखली, व्यायाम सुरू करण्याआधीच धाप लागली, की त्याच क्षणी थांबा आणि डॉक्टरांना कळवा. व्यायामानंतर बाळ थोडा वेळ शांत वाटलं तर पाणी पिऊन, काही खाऊन डाव्या कुशीवर पडा आणि हालचालीकडे लक्ष द्या. हालचाल नेहमीपेक्षा कमीच वाटत राहिली, तर सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, तपासणीला जा.